पलीकडच्या काठावरचा पासपोर्ट

शुक्रवार हा आमचा माशाचा वार. ओमानात, रुसैलला कंपनीच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकच दिवस स्वतःच्या मर्जीचा मिळायचा, आणि माझा तो दिवस ठरून गेलेला होता. उशिरा उठायचं, चाचांनी केलेलं सुरमईचं कालवण भातावर ओतून पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. त्यात कुणी ढवळाढवळ केलेली मला खपत नसे. त्या शुक्रवारी चाचांनी मासा साफ करून ठेवला आणि चूल पेटवलीच नाही, तेव्हा मी आधी चिडलो. मग त्यांचा चेहरा पाहिला.

चाचा म्हणजे आमच्या गोदामाचे पिकअप ड्रायव्हर. रायगडच्या किनाऱ्यावरचे, साठीला टेकलेले, दाढीला मेंदी लावणारे. मी गुहागरकडचा, त्याच गोदामात स्टोअरकीपर, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. आमच्या खाटा समोरासमोर होत्या. मला रात्री एसी लागायचा, त्यांना चालायचा नाही, आणि या एका कारणावरून आम्ही इतक्या वर्षांत इतके भांडलो होतो की एकमेकांची सवयच झाली होती. बायको जाऊन त्यांना बराच काळ लोटला होता. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी सुखात होत्या. गावच्या घरात त्यांची म्हातारी आई तेवढी उरली होती. तिला ते अम्मा म्हणायचे, आणि सुट्टी घेऊन गावी जायचे ते तिच्यासाठीच. ‘घरी जातो’ असं ते कधी म्हणत नसत, ‘अम्माकडे जातो’ म्हणत.

त्या सकाळी गावाहून त्यांच्या पुतण्याचा व्हॉइस मेसेज आला होता. त्याने म्हातारीच्या तोंडाशी फोन धरला होता. “बोल, बोल, तो ऐकतोय तिकडं,” असं पुतण्या म्हणतो आणि त्यानंतर नुसता श्वास ऐकू येतो. घशात काहीतरी अडकल्यासारखा, लांबलचक, मधेच थांबणारा. थांबला की वाटे आता संपलं, आणि मग तो पुन्हा सुरू होई.

“अम्माचा दम ऐकलास काय?” चाचांनी विचारलं. “आज जायला पायजे. गेली तर आमच्यात मयत ठेवत नाय. मी पोचायच्या आधी नेतील तिला.”

रात्रीच्या विमानाचं तिकीट एका ओळखीच्याने फोनवरच काढून दिलं. अडचण पासपोर्टची होती. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असायचे. कुणी मागितले नव्हते, कुणी दिले नव्हते, पहिल्या दिवशी ते तिथे गेले आणि तिथेच राहिले. कुणाला त्यात काही वावगंही वाटत नसे. नेमका त्या आठवड्यात चाचांचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता, म्हणून अर्बाबने त्यांचा पासपोर्ट आपल्या बॅगेत टाकला होता आणि बॅग घेऊन तो सुट्टीला डोंगरातल्या आपल्या गावी गेला होता.

चाचांनी त्याला फोन लावला. अर्बाब वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, दोनदा ‘अल्ला करीम’ म्हटलं आणि आमच्याशी बोलायच्या त्याच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, “तुम आओ वादी तक. मैं इदर से आता. वादी अबी मापी. यल्ला, जल्दी.”

मापी म्हणजे नाही. वादी अजून नाही, असं तो म्हणत होता. इथे नदीला वादी म्हणतात आणि ती बहुतेक वर्षभर कोरडी असते. नुसते गोटे आणि वाळू. पाणी आलं की ओमानी माणूस पूर आला असं म्हणत नाही. ‘वादी आली’ म्हणतो, पाहुणी आल्यासारखं. अर्बाबचं गाव अशाच एका वादीच्या पलीकडे होतं. डोंगरात दोन दिवस पाऊस चालला होता आणि म्हणून ही घाई.

“तू चल माझ्यासंगं,” चाचा मला म्हणाले. “एकट्याला गाडीत त्यो दम ऐकवत नाय.”

मी शर्ट चढवला.

दुपारच्या नमाजानंतर आम्ही निघालो. फंजा गेलं, बिदबिद गेलं. एरवी ह्या रस्त्यावर शुक्रवारी पिकनिकला निघालेल्या गाड्यांची रीघ असते. त्या दिवशी कोणी नव्हतं. पावसामुळे सगळे घरात बसलेत असं म्हणून मी तो विषय माझ्यापुरता मिटवला. सुमाईलच्या पुढे आम्ही मोठा रस्ता सोडून डोंगराकडे वळलो आणि पाऊस खऱ्या अर्थाने लागला.

मी कोकणातला माणूस. मला पाऊस नवा नाही. पण आमच्याकडे पाऊस पडतो तो कशावर तरी पडतो. कौलावर, माडावर, केळीच्या पानावर, भातावर. प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि माणूस डोळे मिटूनही सांगतो आपण कुठे आहोत ते. इथे तो नागड्या दगडावर पडत होता. एकच एक आवाज, चारही बाजूंनी. झाड नाही, गवत नाही, बेडूक नाही. डोंगर भिजून काळे झाले होते आणि त्यांच्या अंगावरून ठिकठिकाणी पांढऱ्या धारा उतरत होत्या. त्या धारा मुरत कुठेच नव्हत्या. जेवढं पाणी पडत होतं तेवढं सगळं खाली कुठेतरी जमा होत असणार, हा साधा हिशोब माझ्या डोक्यात तेव्हा आला नाही. उजेड पिवळा होता, हळद कालवल्यासारखा, आणि दुपार असून कशाचीच सावली पडत नव्हती.

आमच्या गावाकडे प्रत्येक पऱ्यावर एकेक भूत नेमून दिलेलं असतं. पऱ्या म्हणजे ओढा. कुठल्या पऱ्यावर कोण आहे, तो काय मागतो, त्याला काय द्यायचं, हे लहान पोरांनाही माहीत. त्यामुळे भीती वाटली तरी तिला नाव असतं. त्या रस्त्यावर मला भीती वाटायला लागली आणि ती कशाची ते सांगता येईना. त्याचाच मला जास्त राग आला.

“एवढ्या वर्षांत ह्या बाजूला आला होता का कधी?” मी विचारलं.

“नाय. आपला काम खाली शहरात, सीब, रुसैल, वादी कबीर. डोंगरात कशाला येतंय?”

चाचांनी एका हाताने स्टिअरिंग धरलं होतं. दुसऱ्या हातात फोन होता. पुतण्याचा मेसेज संपला की ते तो पुन्हा लावत. “बोल, बोल, तो ऐकतोय तिकडं.” मग श्वास. वायपरची खरड, पावसाचा एकसुरी आवाज आणि त्यात त्या म्हातारीचा श्वास. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी तिच्या तालावर श्वास घेतोय. ती थांबली की मीही थांबत होतो.

“चाचा, बास करा आता.”

“नेटवर्क गेलाय,” ते म्हणाले. “नवा काय येनार नाय. हाच हाय.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

एका वळणावर गाढवं उभी होती. ह्या डोंगरांत मोकाट गाढवं पुष्कळ, त्यात विशेष काही नाही. पण ही सगळी रस्त्याच्या चढाच्या बाजूला, पावसात, एकाच दिशेला तोंड करून उभी होती. डोंगराच्या आतल्या बाजूकडे. चाचांनी हॉर्न दिला तरी एकानेही मान वळवली नाही. आम्ही त्यांना वळसा घालून पुढे गेलो. पुढे एक जुनं मातीचं गाव लागलं, सोडून दिलेलं, छपरं पडलेलं. त्याच्या भिंती पावसात विरघळत होत्या आणि लालसर गाळ रस्त्यावर वाहत येत होता. ह्या गावात पाऊस पडतो हे बांधणाऱ्याला माहीत नव्हतं की काय, असं मनात आलं. पण बांधणाऱ्याने ते गाव चांगलं उंचावर बांधलं होतं. खालची सपाट, ऐसपैस, गोट्यांची जागा त्याने मोकळी सोडली होती.

वादीपाशी पोचलो तेव्हा पाऊस थांबला. एकदम थांबला, कुणीतरी नळ बंद केल्यासारखा.

रस्ता तिथे उतरून थेट नदीच्या पात्रात जात होता आणि पलीकडे पुन्हा चढत होता. पूल नव्हता. ह्या बाजूला तसेच रस्ते असतात. कडेला लाल-पांढरे खांब होते, पाणी किती खोल आहे ते कळायला. रस्त्यावरून पाण्याचा एक पातळसा पट्टा वाहत होता, घोट्याएवढा असेल नसेल. पलीकडचा काठ जवळच दिसत होता. तिथे अजून कोणी आलेलं नव्हतं.

आमच्या पुढे काठावर एक गाडी उभी होती. दार उघडं, वायपर चालू, आत कोणी नाही. कोरड्या काचेवर वायपर कर्र कर्र फिरत होता. मी खाली उतरून गाडीत डोकावलो. मागच्या सीटवर लहान मुलाचे बूट होते. मी हाक मारली. माझी हाक डोंगरावर आपटून परत आली आणि ती मला माझी वाटली नाही.

“तकडं बग,” चाचा म्हणाले.

डाव्या हाताला टेकडी होती. तिच्या मधल्या टप्प्यावर माणसं बसली होती. पांढऱ्या दिशदाशातले, म्हणजे पायघोळ झग्यातले, पुरुष, चारदोन पोरं, एका ओळीत, दगडावर, गुडघ्यांवर हात ठेवून. बोलत नव्हती, हलत नव्हती. बरं, ती आमच्याकडेही पाहत नव्हती. गाढवांसारखीच त्यांची तोंडं वरच्या बाजूला होती, जिथून पात्र येतं तिकडे. मी हात केला. एका पोराने तेवढी मान वळवली आणि पुन्हा तिकडे लावली.

“पाऊस बघायला बसलीत,” मी म्हणालो. पाऊस तर थांबला होता.

चाचांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी रस्त्याच्या कडेचा एक चपटा दगड उचलला, पाण्याच्या अगदी काठाला, अर्धा आत अर्धा बाहेर असा ठेवला, आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसले. मला बघता क्षणी कळलं. आमच्याकडेही करतात. पऱ्याला पाणी असलं की काठाला खुणेचा दगड ठेवायचा आणि वाट बघायची. दगड बुडाला तर परत फिरायचं, दगड उघडा पडला तर पाणी उतरतंय, खुशाल जायचं.

“अम्मानं शिकवलाय,” चाचा पाण्याकडे बघत म्हणाले. “मासली घेवून बाजाराला जायची, मी संगं. दगड ठेवायची आनि दुरूद म्हनायची. म्हनून झाला की डोले उघडायची. दगड सुका तं मला काखेला मारून चालली. ओला तं बसली.”

ते डोळे मिटून तीच प्रार्थना पुटपुटू लागले. आता ओमानमध्ये राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की पावसाच्या दिवसांत वादीत गाडी घालायची नाही. वादी कबीर वस्तीतल्या शाळेतून पोरं तेवढं तरी शिकून येतात. चाचांनाही माहीत होतं, मलाही होतं. आम्हीच गोदामात नव्या आलेल्या पोरांना बजावून सांगायचो. पण त्या दिवशी ते आईकडे निघाले होते आणि त्यांच्या डोक्यात आईचंच चालत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तो दगड बघून धीर आला. इतक्या परक्या जागी एवढी एकच गोष्ट माझ्या ओळखीची होती.

चाचांनी डोळे उघडले. दगड पुरता उघडा पडला होता. नुसता उघडा नाही, त्याच्या भोवतीची वाळूही वर आली होती. पाण्याचा पट्टा अर्ध्यावर आला होता.

“सुकला,” चाचा म्हणाले. त्यांच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा थोडं हसू आलं. “पानी उतरला. चल, तकडंच जावून घेऊ पासपोर्ट. अर्बाब येयपर्यंत कशाला थांबतंय?”

“थांबूया ना. तो येतोच म्हणालाय.”

“पानी मला नको सांगू रं. पान्यात वाढलोय मी.”

आम्ही गाडीत बसलो. पिकअप उतारावरून पात्रात उतरली. चाकाखाली पाणी चुळचुळलं. खिडक्या उघड्या होत्या. पात्राच्या मधोमध आलो नसू, तेवढ्यात वारा आला.

त्याआधी वारा अजिबात नव्हता. हा आला तो वरच्या बाजूने, पात्रातूनच, जमिनीलगत, गार. त्याला चिखलाचा वास होता, बंद विहीर उघडल्यावर येतो तसला. मागोमाग आवाज. पहिल्यांदा मला वाटलं वर कुठे ट्रक खडी ओततायत. एक ट्रक, मग अनेक. मी टेकडीकडे पाहिलं, आणि ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ती सगळी माणसं एकाच वेळी उठून उभी राहिली. पोरांसकट. कुणी कुणाला सांगितलं नाही. आणि मग ती ओरडायला लागली, “वादी! वादी!”

“मागं घ्या!” मी किंचाळलो. “चाचा, मागं!”

चाचांनी रिव्हर्स टाकला. गाडी मागे जाताना मी समोरच्या काचेतून पाहत होतो. वळणावरून ती आली. पाणी म्हणवत नव्हतं. तांबडी, गुडघाभर उंचीची एक भिंत, पुढे फेस, आणि फेसात खजुराच्या झावळ्या, ड्रम, एक मेलेली शेळी. घाई असल्यासारखी वाटत नव्हती, पण बघता बघता आमच्यापाशी आली. पुढची चाकं तिने हलवली. गाडीचं तोंड एका बाजूला सरकलं. मग मागच्या चाकांना चढाचा कडक रस्ता लागला, इंजिन बोंबललं आणि आम्ही ओढल्यासारखे वर आलो. टेकडीवरची दोन पोरं धावत खाली आली होती. त्यांनी माझं दार उघडून मला अक्षरशः बखोटीला धरून बाहेर काढलं.

मी वळून पाहिलं तेव्हा लाल-पांढरे खांब नव्हते. पहिल्या भिंतीमागून दुसरी आली होती, तिच्यामागून तिसरी. रस्ता कुठे होता तेही सांगता आलं नसतं.

इथे पडला तो पाऊस काहीच नव्हता. खरा पडला होता तो वर, डोंगरात, आम्ही घरी मासा साफ करत होतो तेव्हा. इथला पट्टा ओसरला तो इथल्या सरीचा. अम्माचा दगड खोटं बोलला नव्हता. तो फक्त कोकणातला होता.

चाचा काठावर उभे होते. “तकडं असतो ना आपन,” ते म्हणत होते, “मघाशीच गेलो असतो तं तकडं असतो.” मी म्हणालो, तिकडे असतो तर तिकडेच अडकलो असतो, विमान तर ह्याच बाजूला आहे. त्यांना ते ऐकूच आलं नाही. टेकडीवरच्या म्हाताऱ्याने आम्हाला बसवलं, कडू कहवा दिला, खजूर पुढे केला. वादी कधी उतरेल असं मी खुणेने विचारलं. त्याने आभाळाकडे बोट केलं. उघड्या दाराची ती गाडी त्याचीच होती. पाण्याचा वास आला म्हणून नातवंडांना उचलून तो तसाच टेकडीवर पळाला होता. वायपर अजून चालूच होता, तो आता एका पोराने जाऊन बंद केला.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पलीकडे अर्बाबची पांढरी गाडी आली.

तो उतरला, पाण्यापर्यंत आला आणि थांबला. आमच्यामध्ये फार अंतर नव्हतं. एरवी कोरड्या पात्रातून हाक मारली असती तर ओ दिली असती. पण पाण्याचा आवाज इतका होता की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागत होतं. त्याने आम्हाला ओळखलं. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, आणि आतला पासपोर्ट दिसावा म्हणून पिशवी डोक्याच्या वर धरली. आणलाय, असं तो सांगत होता. चाचांनीही दोन्ही हात वर केले. मग दोघेही तसेच उभे राहिले. एक पिशवी धरून, एक रिकाम्या हातांनी, मध्ये ती तांबडी वादी. एवढी जवळ वस्तू आणि तिच्यापर्यंत जगातला कोणी पोचू शकत नाही. मला संताप आला. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी पाण्यात दगड मारले. चांगले मोठे मोठे मारले. आवाजसुद्धा झाला नाही त्यांचा.

अर्बाबचा हात भरून येई तेव्हा तो दुसऱ्या हातात पिशवी घेई आणि पुन्हा वर धरी. खाली करत नव्हता. त्या माणसाला मी रोज पगारावरून, सुट्टीवरून मनातल्या मनात शिव्या घालायचो. त्या संध्याकाळी त्याचा तो वर धरलेला हात बघून मला भरून आलं.

मग त्याचा फोन वाजला असावा. त्या बाजूला, गावाजवळ, नेटवर्क होतं. त्याने फोन कानाला लावला, एका हाताने पिशवी तशीच उंच होती. तो ऐकत राहिला. आमच्याकडे पाठ केली. बराच वेळ पाठ करून उभा होता. पुन्हा वळला तेव्हा त्याने पिशवी खाली घेतली. हळूच, दोन्ही हातांनी, आणि खिशात ठेवून दिली.

चाचांनी आपले रिकामे हात खाली घेतले.

अर्बाबने मग दोन्ही तळवे उघडे करून छातीसमोर धरले आणि मान खाली घातली.

आमच्या बाजूच्या म्हाताऱ्याला आम्ही कोण, कुठे निघालो, काही माहीत नव्हतं. त्याने आधी पलीकडे पाहिलं, मग चाचांकडे पाहिलं. उठून त्यांच्या शेजारी आला आणि त्यानेही तळवे उघडले. मग त्याची पोरं आली, बाकीची माणसं आली. काठावर ओळ झाली, मघाशी टेकडीवर होती तशीच, तेवढीच गप्प. सगळ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज फक्त पाण्याचा. रायगडच्या एका खेड्यातल्या कोळणीसारखी मासळी विकलेल्या बाईसाठी, जिचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं, ते लोक त्या ओसाड डोंगरात हात पसरून उभे होते. माझेही हात वर झाले. मला त्यांचं काही येत नाही. मला जे येत होतं ते मी म्हटलं.

मला तेव्हाच आठवला तो दुपारभर गाडीत वाजलेला श्वास. फोन पुतण्याने आमच्या खोलीवर केला होता, तिथून कुणीतरी अर्बाबला कळवलं होतं. पुढे समजलं की ती दुपारीच गेली होती, आम्ही मोठा रस्ता सोडला त्या सुमाराला. म्हणजे गाढवांच्या वळणावर, त्या विरघळत्या गावापाशी, चाचा जो परत परत लावत होते आणि मी ज्याच्या तालावर श्वास घेत होतो, तो श्वास घेणारं तेव्हा कोणी उरलं नव्हतं. हे मी चाचांना कधीही बोललो नाही. त्यांना कळलं नसेल असं नाही.

उजेड होता तोवर चाचांनी वादीच्या काठालाच वजू केली, त्याच गढूळ पाण्याने हात, तोंड, पाय धुतले, आणि दूर असलेल्या मयतीची नमाज एकट्याने पढली. मी त्यांच्या चपला हातात धरून मागे उभा होतो.

रात्री त्या म्हाताऱ्याने आम्हाला आपल्या घरी नेलं. सकाळी आलो तेव्हा वादी गेली होती. खरोखर गेली होती. गोट्यांमधून एक काचेसारखी स्वच्छ धार तेवढी चालली होती, आणि दोन पक्षी त्यात अंघोळ करत होते. कालचं पाणी कुणाला खरं वाटलं नसतं. रस्त्याचा डांबरी तुकडा खाली दूर उलटा पडला होता.

अर्बाब दिशदाशा वर खोचून, गोट्यांवरून पाय सांभाळत स्वतः चालत आमच्याकडे आला. त्याने चाचांना मिठी मारली, खांद्याला ओठ लावले आणि पिशवीतून पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. आज जा, म्हणाला. तिकीट मी बघतो, महिनाभर राहा, दोन महिने राहा, खलास, काम राहू दे.

चाचांनी पासपोर्ट उघडला. मिटला. त्याच्यावरून अंगठा फिरवला, ओल लागली असेल ती पुसावी तसा. मग तो परत अर्बाबपुढे धरला.

“खल्ली इंदक,” ते म्हणाले. तुमच्याकडेच राहू द्या.

अर्बाबला वाटलं ह्याला नीट कळलं नाही. त्याने पुन्हा हिंदीत सांगितलं, जाओ, गर जाओ.

“किसके पास?” चाचांनी विचारलं.

ते रडत नव्हते. खरंच विचारत होते, आणि हात पुढे तसाच होता. इतकी वर्षं आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट न विचारता ठेवून घेणाऱ्या त्या माणसाला, हा एक घ्यावा कसा, ते कळेना.